विद्यापीठाचा प्रयोगकला हंगाम: संगीत, नृत्य आणि नाटक यांची मांडणी कोणत्या क्रमाने करावी

वर्षातून एकदा स्नेहसंमेलन उरकण्याऐवजी संगीत, नृत्य आणि नाटक यांचा सुमारे सहा महिन्यांचा हंगाम करायचे एखाद्या महाविद्यालयाने किंवा विद्यापीठ विभागाने ठरवले, की बहुतेक ठिकाणी पहिली चूक पहिल्याच बैठकीत होते. तारखा आणि पाहुणे आधी ठरतात, सभागृहाची चौकशी मागाहून होते, आणि संहितेच्या प्रमाणपत्राची आठवण रंगीत तालमीच्या आठवड्यात येते. पुढील टप्पे दिलेल्या क्रमानेच करावेत. छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड व धाराशिव हे डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाचे जिल्हे असोत, की नांदेड, लातूर, परभणी व हिंगोली हे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचे. सांस्कृतिक समन्वयकाच्या अडचणी दोन्हीकडे सारख्याच असतात.

टप्पा १: दिनदर्शिका शेवटाकडून भरा

हंगामाचा शेवटचा प्रयोग आधी ठरवावा आणि तिथून मागे यावे. आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपते आणि देयके लेखा विभागात त्याच्या बऱ्याच आधी पोचावी लागतात, म्हणून फेब्रुवारीच्या मध्यानंतर एकही प्रयोग ठेवू नये. मार्चपासून परीक्षांची धावपळ सुरू होते आणि ऊनही तापू लागते. पत्र्याच्या छताच्या सभागृहात दुपारची तालीम त्यानंतर कोणी मनापासून करत नाही.

आता कागदावर ज्या तारखांना हात लावता येणार नाही त्या लाल शाईने भराव्यात. त्यांत विद्यापीठाच्या हिवाळी परीक्षा, १७ सप्टेंबरचा मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन, नवरात्र, दिवाळी, ६ डिसेंबर आणि १४ जानेवारीचा नामविस्तार दिन या गोष्टी येतातच. नामविस्तार दिनाला संभाजीनगरात विद्यापीठ परिसरात मोठी गर्दी असते आणि पोलिस यंत्रणा तिकडे गुंतलेली असते, त्यामुळे त्या आठवड्यात शहरात वेगळ्या कार्यक्रमाची परवानगी मागणे शहाणपणाचे नाही. विद्यापीठाचा केंद्रीय युवक महोत्सव, राज्यस्तरीय ‘इंद्रधनुष्य’ आणि भारतीय विश्वविद्यालय संघाचा विभागीय युवक महोत्सव यांच्या तारखा दरवर्षी बदलतात आणि परिपत्रक उशिरा येते. तरीही त्या काळात दोन-तीन आठवडे मोकळे ठेवावेत, कारण तुमच्या नाटकातली आणि समूहगायनातली चांगली मुले नेमकी तिकडे गेलेली असतात.

यानंतरच्या दोन बाबी कोणत्याही परिपत्रकात नसतात. पहिली शेतीची. सप्टेंबरअखेरपासून सोयाबीनची काढणी सुरू होते, पाठोपाठ कापसाची वेचणी येते, आणि बीड जिल्ह्यासह अनेक तालुक्यांतील ऊसतोड कुटुंबे दसरा-दिवाळीच्या सुमारास कारखान्यांकडे निघतात. आईवडील तोडीला गेले की मागे घर, जनावरे आणि धाकटी भावंडे सांभाळणे कॉलेजातल्या मुलामुलीवर येते. अशा मुलाला ऑक्टोबरमध्ये रोज संध्याकाळी सात वाजता तालमीला बोलावणे म्हणजे त्याला पथकातून वगळण्यासारखेच आहे. दुसरी बाब लग्नतिथींची. तुळशीचे लग्न झाले की ध्वनियंत्रणावाले, जनरेटरवाले, मंडपवाले आणि हलगीवादकसुद्धा लग्नसराईत अडकतात. तारीख नक्की करण्याआधी पंचांग उघडून दाट तिथी टाळाव्यात. भाड्यातला फरक तेवढ्यानेच लक्षात येईल.

हे सारे टाकून जे उरते त्यात साधारण असा क्रम बसतो: ऑगस्टच्या उत्तरार्धात व सप्टेंबरच्या आरंभी संगीत, दिवाळीची सुटी व परीक्षा आटोपल्यावर नृत्य, आणि जानेवारीअखेर ते फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात नाटक. संगीत आधी ठेवण्याचे कारण त्याला नेपथ्य लागत नाही आणि नवीन समितीला त्यात हात बसवून घेता येतो. नाटकाला सर्वांत जास्त दिवस लागतात, म्हणून त्याची निवड पहिली करावी आणि प्रयोग शेवटी.

*तपासा:* प्रत्येक तारखेपुढे एक पर्यायी तारीख लिहिली आहे का? नसेल तर दिनदर्शिका अपुरी आहे.

टप्पा २: सभागृह, आणि त्याची मोजणी

स्वतःचे सभागृह असेल तरी त्याची नोंदणी लेखी करावी, कारण ऐन वेळी चर्चासत्र किंवा मान्यवरांची बैठक तिथे येऊन बसते. बाहेरचे नाट्यगृह घ्यायचे असल्यास, मग ते संभाजीनगरचे संत एकनाथ रंगमंदिर असो, नांदेडचे कुसुम सभागृह असो की लातूरचे दगडोजीराव देशमुख सभागृह, प्रयोगाच्या सत्राबरोबर त्याआधीचे एक सत्र मांडणीसाठी घ्यावे. एकाच सत्रात नेपथ्य लावणे, दिवे साधणे आणि प्रयोग करणे हा पैसे वाचवण्याचा सर्वांत महागडा मार्ग आहे.

सभागृह पाहायला जाताना मोजपट्टी न्यावी. रंगमंचाची रुंदी, खोली, विंगांमधली जागा, पडद्यामागून एका बाजूने दुसऱ्या बाजूला जाता येते का, सामान आत नेण्याचे दार किती रुंद आहे, आणि रंगपटाच्या खोल्यांना आतून कडी आहे का, हे लिहून आणावे. नेपथ्याची चौकट कार्यशाळेत आठ फुटांची आणि दार सात फुटांचे, असा प्रकार दरवर्षी कुठे ना कुठे घडतो.

विजेचा हिशेब इथेच करावा. एक हजार वॅटचे बारा पार दिवे (रंगमंचावर झोत टाकणारे दिवे) लावायचे म्हटले तर भार बारा किलोवॅट होतो. तो २३० व्होल्टच्या एकाच फेजवर टाकला तर सुमारे ५२ अँपिअर प्रवाह ओढला जाईल आणि साध्या सभागृहाची तार किंवा फ्यूज त्याला टिकणार नाही. तोच भार तीन फेजवर वाटला तर प्रत्येकीवर साधारण साडेसतरा अँपिअर येतो. एलईडी पार घेतले तर भार फारच कमी होतो, पण जुन्या दिव्यांची पिवळसर ऊब मिळत नाही. नाटकाच्या दिग्दर्शकाशी आधी बोलावे. ध्वनियंत्रणेला दिव्यांपासून वेगळी फेज द्यावी, अन्यथा डिमर (दिव्यांचा प्रकाश कमी-जास्त करणारे यंत्र) चालू होताच ध्वनिक्षेपकातून गुणगुण ऐकू येते.

*सावधान:* जनरेटर ‘आहे’ एवढ्या उत्तरावर थांबू नका. तो किती भार घेतो, वीज गेल्यावर कोण सुरू करतो आणि डिझेल कोणी भरायचे, हे तीन प्रश्न विचारा.

टप्पा ३: संहिता, रचना आणि कलावंत यांची निवड

नाटक निवडताना पात्रसंख्या पाहतात; त्याआधी हक्क पाहावेत. भारतीय प्रताधिकार कायदा, १९५७ नुसार लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतरच्या वर्षापासून साठ वर्षे हक्क शाबूत असतात. राम गणेश गडकरी १९१९ मध्ये गेले, त्यांची नाटके मोकळी आहेत. अण्णा भाऊ साठे १९६९ मध्ये गेले, म्हणजे त्यांच्या हयातीत प्रकाशित झालेल्या लेखनाचे हक्क २०२९ अखेरपर्यंत आहेत. अनुवादाचा हक्क वेगळा असतो: शेक्सपिअर मोकळा असला तरी त्याचा मराठी अनुवादक मोकळा असेलच असे नाही. विद्यार्थ्याने लिहिलेली एकांकिका घेतली तरी त्याचे संमतिपत्र फायलीत ठेवावे. पुढे तीच एकांकिका दुसरे महाविद्यालय करते तेव्हा तो कागद कामाला येतो.

शास्त्रीय गायन-वादनात कलावंताबरोबर साथसंगतीचाही विचार व्हावा. गायिकेचा सूर काळी चार असेल आणि तबलजीने काळी एकचा तबला आणला तर मैफल सुरू होण्याआधीच संपते. निमंत्रणपत्रातच पट्टी, म्हणजे गायकाचा मूळ सूर, विचारावी.

लोककलांना हंगामात एक पूर्ण संध्याकाळ द्यावी. दोन नाटकांच्या मधल्या वेळेत भारूड ‘भरून काढण्याची’ पद्धत वाईट आहे. पैठणच्या एकनाथांची भारुडे, तुळजापूर-माहूर परिसराशी जोडलेला गोंधळ, बंजारा तांड्यांवरची लेंगी गीते ही परंपरा मराठवाड्याच्या घरातली आहे आणि ती सादर करणारी माणसे जवळच्याच गावांत आहेत. त्यांना बोलावताना दोन गोष्टी विचाराव्यात. गोंधळ हा विधी आहे, तेव्हा रंगमंचावर त्यातले काय सादर करायचे आणि काय नाही, हे गोंधळ्यांनीच ठरवावे. आणि हलगी असेल तर ती शेकायला जागा कुठे देणार? वादक चामडे ताणले जावे म्हणून हलगी जाळावर तापवतात, ती पुन्हा पुन्हा तापवावी लागते, आणि सभागृहाचा कर्मचारी विंगेत काडीसुद्धा ओढू देणार नाही. मागच्या दाराबाहेर, तारांपासून आणि कापडांपासून दूर, पाण्याच्या बादलीसह एक जागा आधीच दाखवून ठेवावी.

टप्पा ४: परवानग्या

सर्वाधिक गोंधळ इथे होतो, म्हणून एकेक बाब सावकाश पाहावी.

नाटकाचा सार्वजनिक प्रयोग करायचा असेल तर संहितेला महाराष्ट्राच्या रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचे प्रमाणपत्र लागते. पाठवलेली संहिता आणि रंगमंचावरची संहिता एकच असली पाहिजे. तालमीत प्रसंग बदलतात, नवी वाक्ये शिरतात. म्हणून संहिता गोठवल्यावरच ती पाठवावी आणि त्यानंतर दिग्दर्शकाचा हात बांधावा. अर्ज प्रयोगाच्या निदान दोन महिने आधी जाईल असे पाहावे. शंका विचारली गेली तर उत्तर द्यायला वेळ उरतो.

लेखकाच्या परवानगीबाबत एक सवलत आहे आणि तिचाच चुकीचा अर्थ सर्वत्र लावला जातो. प्रताधिकार कायद्याच्या कलम ५२ मध्ये शैक्षणिक संस्थेच्या उपक्रमाचा भाग म्हणून शिक्षक व विद्यार्थ्यांनी केलेल्या प्रयोगाला मोकळीक आहे. मात्र प्रेक्षक संस्थेचे शिक्षक, विद्यार्थी, त्यांचे पालक आणि संस्थेच्या कामाशी संबंधित व्यक्ती एवढ्यांपुरते मर्यादित असावेत, असा तिचा आवाका धरून चालावे. चौकात फलक लावून गावाला बोलावले, तिकीट लावले किंवा बाहेरचे व्यावसायिक कलावंत घेतले की या आडोशाला उभे राहता येत नाही. चित्रफीत यूट्यूबवर टाकणे हीसुद्धा वेगळी गोष्ट आहे; नृत्याखाली वाजलेल्या चित्रपटगीतामुळे ती तिथे अडते. हंगाम सर्वांसाठी खुला ठेवायचा असेल, आणि माझ्या मते ठेवावाच, तर नाटककाराचे लेखी परवानगीपत्र व मानधन आणि ध्वनिमुद्रित संगीताचा परवाना हे दोन्ही गृहीत धरावे.

स्थानिक पोलिस ठाण्याकडे कार्यक्रमासाठी आणि ध्वनिक्षेपकासाठी परवानगीचे अर्ज वेगवेगळे करावेत. ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक चालत नाही. बंदिस्त सभागृहाला यातून सूट आहे. मध्यरात्रीपर्यंतची सवलत राज्य शासन वर्षातून ठरावीक दिवसांना देते, त्या दिवसांत तुमची तारीख बसत असेल या आशेवर खुल्या रंगमंचाचा कार्यक्रम लांबवू नये. शैक्षणिक संस्था, रुग्णालये व न्यायालये यांच्याभोवतीचा किमान शंभर मीटरचा परिसर शांतता क्षेत्र ठरू शकतो. आपल्याच आवारात खुले नाट्य करताना ही बाब हमखास विसरली जाते.

*तपासा:* प्रमाणपत्र, लेखकाचे पत्र, पोलिस परवानगी, सभागृहाची पावती. चारही कागदांच्या प्रती एका फायलीत, आणि ती फाईल प्रयोगाच्या वेळी विंगेत.

टप्पा ५: पैसा

अंदाजपत्रकात मानधन आणि भाडे सगळे लिहितात. राहून जाते ते तालमीच्या दिवसांचा चहा-नाश्ता, नेपथ्याची ने-आण, इस्त्री, सेल, चिकटपट्टी आणि हमाली. खरेदीसाठी दरपत्रके मागवायची असतात, तेव्हा कापड आणि प्लायवूड यांची यादी दिवाळीपूर्वी द्यावी. कलावंतांचे पॅन, बँक पासबुकाची प्रत आणि सहीचा नमुना निमंत्रण स्वीकारतानाच घ्यावा. लोककलावंताला ‘बिल पास झाल्यावर खात्यात जमा होईल’ असे सांगून रात्री दहाला गावी पाठवणे लाजिरवाणे आहे. प्रवासखर्च आणि जेवण यांसाठी अग्रिम रक्कम मंजूर करून घ्यावी आणि त्याच रात्री हातात द्यावी.

टप्पा ६: तालमी

तालमीची वेळ शेवटच्या एसटीवरून ठरवावी. जिल्ह्याच्या ठिकाणच्या महाविद्यालयात निम्मी मुले खेड्यांतून ये-जा करतात, मुलींच्या वसतिगृहाचे दार ठरावीक वेळी बंद होते, आणि ‘आज थोडं थांबा’ म्हणणाऱ्या दिग्दर्शकाला बसस्थानकावर ताटकळणारी मुलगी दिसत नसते. सकाळी सात ते नऊ आणि दुपारी साडेतीन ते साडेपाच या वेळा बहुतेकांना जमतात. शेवटच्या आठवड्यात उशीर होणारच असेल तर वाहनाची सोय आणि पालकांना दूरध्वनी, दोन्ही आधी.

नाटकाच्या तालमीसाठी सहा आठवडे धरावेत. पहिल्या दोन आठवड्यांत वाचन आणि पाठांतर, पुढच्या दोन आठवड्यांत हालचाली, आणि त्यानंतर संहिता हातात घेऊ द्यायची नाही. तालमीच्या जागेवर खडूने रंगमंचाची खरी मापे आखावीत. वर्गखोलीच्या मापाने बसवलेली हालचाल चाळीस फुटी रंगमंचावर विरून जाते.

नृत्याच्या तालमीत सर्वांत दुर्लक्षित गोष्ट म्हणजे जमीन. काँक्रीटवर महिनाभर पदन्यास केला तर घोटे आणि नडगी दुखावतात. लाकडी फळ्यांचा मंच मिळत नसेल तर तालमी छोट्या कराव्यात. लोकनृत्यात दहा जणींचा फेर धरायचा असेल तर घागऱ्यांचा घेर धरून जागा मोजावी. साध्या कपड्यांत बसलेला फेर घागऱ्यांत आदळतो, म्हणून दर आठवड्याला एक तालीम पोशाखात घ्यावी.

टप्पा ७: मांडणी आणि तांत्रिक तालीम

येथे क्रम मोडला की वेळ दुप्पट जातो. आधी नेपथ्य उभे करावे, मग दिवे टांगावेत, मग त्यांचा झोत साधावा, त्यानंतर ध्वनी, आणि शेवटी कलावंत. नेपथ्य नसताना साधलेले दिवे भिंत उभी राहिल्यावर पुन्हा साधावे लागतात.

नाटकासाठी एक चालकवही करावी. तिच्यात दिवे-ध्वनीच्या प्रत्येक बदलाला (क्यू) क्रमांक, तो कोणत्या वाक्यावर होतो ते वाक्य आणि तो करायला किती वेळ घ्यायचा हे असावे. उदाहरणार्थ: ‘क्यू १४. वाक्य: “दार लावून घे.” उजवा पार पाच मोजेपर्यंत मालवायचा, पूर्ण अंधारानंतर ट्रॅक तीन.’ दिवेवाल्याला ‘ती रडायला लागली की अंधार कर’ असे सांगितले तर तो अंधार रोज वेगळ्या ठिकाणी होईल. पहिल्या तांत्रिक तालमीत अभिनय करायचा नसतो. एका क्यूवरून थेट पुढच्या क्यूवर जायचे. दुसऱ्या दिवशी रंगभूषा-वेशभूषेसह सलग रंगीत तालीम, न थांबता.

संगीताच्या संध्याकाळी वाद्ये दिव्यांखाली लावावीत. रंगपटात सुरात लावलेला तबला रंगमंचाच्या उष्णतेने सुकून चढतो, तर तानपुऱ्याच्या धातूच्या तारा त्याच उष्णतेने सैलावून उतरतात. म्हणजे दोन्ही परस्परविरुद्ध दिशांना सरकतात आणि गायकाला मध्ये पकडतात. पावसाळी दमट हवेत चामडे उलट उतरते. म्हणून दिवे लावून, वाद्ये अर्धा तास मंचावर ठेवून, मगच लावायला बसावे. ध्वनितंत्रज्ञाला गायकाचा एक, दाया-बायाचे दोन, संवादिनीचा एक आणि तानपुऱ्याचा एक असे पाच ध्वनिग्राहक सांगावेत, आणि कर्ण्यांचा आवाज ‘मैदानासारखा’ करू नये असे स्पष्ट बजावावे.

नृत्यासाठी मंचावरची सतरंजी काढून टाकावी. तिच्यावर कथक करताना घुंगरांचा आवाज बुजतो, तत्कार (पायांनी वाजवलेले बोल) ऐकू येत नाही, आणि कडेची शिवण पायात अडकते. फळ्यांमधली फट आणि वर आलेला खिळा हाताने चाचपून पाहावा, डोळ्यांनी नव्हे. पदन्यासासाठी एक ध्वनिग्राहक जमिनीलगत ठेवावा. नाटकाला समोरचा प्रकाश लागतो, नृत्याला विंगेतून येणारा आडवा प्रकाश हवा, कारण त्याशिवाय शरीराचा उठाव दिसत नाही.

*सावधान:* ध्वनिमुद्रित ट्रॅक दोन वेगळ्या पेनड्राइव्हवर ठेवा. फोनवरून वाजवणे भागच पडले तर फोन विमान मोडवर टाका, नाहीतर तिल्लान्याच्या मध्यात कोणाच्या तरी मामांचा फोन येतो.

टप्पा ८: प्रयोगाचा दिवस

कलावंतांना प्रयोगाआधी तीन तास बोलवावे, तंत्रज्ञांना त्याहून आधी. दारे उघडण्यापूर्वी मंच झाडून पुसून घ्यावा, बाहेर पडण्याचे मार्ग मोकळे आहेत हे एका व्यक्तीने स्वतः चालून पाहावे, आणि विंगेत प्रथमोपचार पेटी असावी. तिसरी घंटा पाहुण्यांच्या गाडीवर अवलंबून ठेवू नये. दीपप्रज्वलन आणि सत्कार लांबले की प्रयोग लांबतो, आणि प्रयोग लांबला की गावाकडची मुले शेवटच्या अंकाच्या मध्यात उठून एसटीकडे धावतात. माझे मत विचाराल तर सत्कार हंगामाच्या पहिल्या दिवशी एकदाच उरकावा. उरलेल्या संध्याकाळी निवेदकाला दोन मिनिटे पुरतात.

मंचामागे सूचना देणारा एकच माणूस असावा. दिग्दर्शकाने तिसऱ्या घंटेनंतर प्रेक्षकांत जाऊन बसावे. विंगेतून हातवारे करणारा दिग्दर्शक नटांची भीती वाढवतो.

टप्पा ९: दुसऱ्या दिवशी

सभागृह त्याच रात्री रिकामे करावे, भाड्याने आणलेल्या वस्तू मोजून परत कराव्यात आणि मोडतोड झाली असेल तर जागेवरच नोंदवावी. घुंगरू, पोशाख आणि दागिने सही घेऊनच जमा करून घ्यावेत. अग्रिमाचा हिशेब आठवड्याच्या आत मूळ पावत्यांसह लेखा विभागात द्यावा, कारण तो प्रलंबित असताना पुढच्या प्रयोगाचे अग्रिम सहसा मिळत नाही. चालकवही, संहितेची अंतिम प्रत, सभागृहाची मापे आणि विजेचा हिशेब एका खोक्यात भरून त्यावर वर्ष लिहावे आणि ते विभागातच ठेवावे, समन्वयकाच्या घरी नव्हे.